अंगठ्याचा क्रूस

आमच्या वसईच्या चर्चमध्ये मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, फादर बायबलमधलं येशूचं शुभवर्तमान वाचायला उभे राहिले, की आम्ही सगळे अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर लहानसा क्रूस काढतो. या रविवारी सोबत आलेल्या मैत्रिणीने हळूच विचारलं, "हे बायबलमध्ये कुठं लिहिलंय गं?"

"कुठंच नाही," मी म्हणाले, आणि म्हणताना मान जरा ताठच झाली. "आईने माझा अंगठा धरून शिकवलं."

खरंच, शुभवर्तमान लिहून होण्याआधीही कुणीतरी ते कुणाला तरी सांगतच होतं. माझ्या पणजीला अक्षरओळख नव्हती, तरी तिच्या घरात येशू कधी परका नव्हता. तो ग्रंथ आम्हाला जिवापाड प्रिय आहे. पण तो आमच्यापर्यंत आला माणसांच्या हातून, माणसांच्या तोंडून.

पुढच्या बाकावरच्या बाईच्या कडेवर तिची दीडेक वर्षाची मुलगी होती. आईचं बघून तिनेही अंगठा उचलला आणि स्वतःच्या नव्हे, आईच्याच कपाळावर टेकवला. मग ओठांवर. आई हसू दाबत तशीच स्तब्ध उभी राहिली.

मी मैत्रिणीला कोपराने डिवचलं. "हे बघ, इथं लिहिलंय."