त्याच्यासमोर लिनक्स म्हणायचं नाही

साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यातली मशीन एका जुन्या प्रोग्रॅमवर चालते. तो लिहिलेला युनिक्स नावाच्या जुन्या सिस्टिमसाठी. नव्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही दुसरीच सिस्टिम आली आणि हा रुसला. तो रुसला की सगळा कारखाना चहा पीत बसतो आणि विक्रोळीहून तो दुरुस्त करणारे एक गृहस्थ येतात. आल्या आल्या आमच्याकडेच डोळे वटारतात.

“ह्याच्यासमोर कोण काय बोललं?”

त्यांचं म्हणणं, घर बदललंय हे प्रोग्रॅमला कळताच कामा नये. तो फाइली जिथे शोधतो, तिथे ते जुन्याच नावांचे फोल्डर मांडून ठेवतात. वर पुटपुटतात, “बघ रे, सगळं तुझंच आहे.” आणि तो चालतो!

परवा तो सुरू होत असतानाच मालक आत आले. “काय, लिनक्स झकास आहे ना?” म्हणायला तोंड उघडलं, तर ‘लि’वरच ह्यांनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. मशीन धडधडली, तेव्हाच काढला.

मी कॉम्प्युटर शिकलेला माणूस. मला हा सगळा खुळचटपणा वाटतो. काल मशीनजवळ उभा असताना मालाडच्या मित्राचा फोन आला. “कॉम्प्युटरवर आता काय टाकलंय रे?”

म्हटलं, “थांब, गेटबाहेर जाऊन सांगतो.”