काच कापायला शिकले तेव्हा

हे मी कधी लिहून ठेवलं नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही. साक्रीकडच्या एका घराच्या ओट्यावर एकदाच बोलले, तेवढंच. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका.

धुळ्यात माझं छोटं प्रसूतिगृह होतं. खाली दवाखाना, वर आम्ही राहायचो. अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला मी आतून पार सुकले होते. बाळ रडलं की आयांचे चेहरे फुलायचे. मला फक्त घालायचे टाके दिसायचे. तुमचं झालंय असं कधी? सगळं नीट चाललंय आणि आपण त्यात कुठेच नाही?

एकदा वावटळीत दवाखान्याच्या खिडकीची काच फुटली. नवी बसवायला रशीदचाचा आले. बाजारात त्यांचं तसबिरींचं आणि काचांचं दुकान होतं. त्यांच्या पेटीत जुन्या दारांतून निघालेले रंगीत तुकडे होते — लाल, निळे, हिरवे. एक मी उचलून उन्हात धरला. माझ्या पांढऱ्या कोटावर लाल रंग सांडला आणि — हसू नका — मला रडू आलं. कित्येक वर्षांनी.

रविवारी सकाळी मी त्यांच्या दुकानात. "चाचा, मला शिकवा." त्यांना थट्टाच वाटली. मग त्यांनी हिरा हातात दिला. काच कापायच्या हत्याराला ते हिरा म्हणत.

पुढे प्रत्येक रविवारी तेच. रेघ ओढायची, खालून टिचकी मारायची, दोन्ही हातांनी मोडायची. मनासारखी तुटली की काय आनंद व्हायचा! बोटं कापली, चिकटपट्ट्या लावल्या, पुन्हा बसले. जळगावजवळच्या माझ्या माहेरी केळीची बाग आहे. तसली पानं मी हिरव्या काचांतून कापली, सागवानी चौकटीत लांबीच्या लगद्याने बसवली आणि ती खिडकी बाळंतपणाच्या खोलीत लावली. कळा देणाऱ्या बायका तिच्याकडे बघायच्या. मी त्यांच्याकडे बघायला लागले. नावं विचारायला लागले. बाळ रडलं की माझाही ऊर भरून यायला लागला — मी परत आले होते हो, खरंच परत आले होते!

पण जाग काय एकाच कोपऱ्याला येते?

एका रविवारी मोठी लाल काच वेडीवाकडी तुटली. मी चिडून म्हणाले, "काचच खराब आहे."

चाचांनी मान वर न करताच हसून म्हटलं, "काचेला कशाला बोलता, डॉक्टरीणबाई? हात तुमचा हलला."

मला हिरा खाली ठेवावा लागला. कारण — आता सांगतेच.

त्याच्या चार वर्षं आधी, एका दुपारी, साक्रीजवळच्या खेड्यातून कमल आली होती. पहिलंच बाळंतपण. सोबत सासू. मी वर झोपले होते. सिस्टर धावत आली, "बाई, बाळाचे ठोके मंदावलेत." मी "आलेच" म्हटलं आणि कूस बदलली. ती पुन्हा आली. मी पुन्हा "आलेच" म्हटलं. खाली उतरले तेव्हा ठोके थांबले होते. मुलगी होती.

दमले होते का मी? होते. त्याने काय होतं?

बाहेर येऊन मी सासूला म्हणाले, "उशीर केलात. तासभर आधी आणलं असतं, तर वाचलं असतं." आणि केसपेपरवर तिच्या येण्याची वेळ दोनच्या जागी तीन लिहिली.

सासू खाटेजवळ जाऊन कमलवर कडाडली, "वावरमा शेंगा तोडत बसनी तू!" कमल भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी ऐकलं. आणि गप्प राहिले.

चाचांच्या त्या बोलण्यानंतर चार दिवसांनी मी साक्रीची एसटी धरली. काचेचं काहीतरी सोबत न्यावं असं मनात आलं होतं. पिशवीतून काढून ठेवलं — भेट देऊन काय साधायचं होतं?

कमल ओट्यावर बाजरी पाखडत होती. तिने ओळखलं. मी उभ्या उभ्याच बोलले. "कमल, तू दोनला आली होतीस. मी वर झोपले होते. दोनदा बोलावलं, उठले नाही. उशीर मी केला. कागदावर वेळही मीच खोटी लिहिली."

सूप थांबलं. 

"म्हंजे — मी येळवर उनथू?"

"हो. वेळेवर आली होतीस."

ती रडेल, शिव्या देईल, सूप फेकून मारेल — मी सगळ्याला तयार होते. तिने घरात तोंड करून सासूला हाक मारली. मग मला म्हणाली, "आते पुन्हा सांगा. बठ्ठासना समोर सांगा."

मी सगळ्यांसमोर पुन्हा सांगितलं. मोठ्याने. सासू तोंडाला पदर लावून उंबऱ्यावरच बसली. दोन शेजारणी येऊन उभ्या राहिल्या होत्या. कमलने मला बसा म्हटलं नाही, माफ केलं म्हटलं नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, ओट्यावरून उतरली आणि ताठ मानेने गल्लीत चालू लागली. पहिल्या घरी थांबली. मग दुसऱ्या. मग पारावर.

मी एसटीच्या थांब्यावर पोचले, तरी तिचा आवाज येत होता — मोकळा, खणखणीत. "मी येळवर उनथू! डॉक्टरीन झोपेल व्हती!" माझं नाव घेऊन ती गावभर सांगत होती. एक शब्दही खोटा नव्हता.