काट्यावर न आलेला भारा

"मावशी, खरं सांगा. ही गादी भिजवली होती ना?"

माझा आवाज चढला होता. नांदेडच्या आमच्या क्लिनिकबाहेरच्या बाकावर बसलेले सगळे पेशंट वळून बघायला लागले. कौसाबाई बिलोलीच्या पलीकडच्या गावातून एसटीनं आलेल्या. शुगरमुळे त्यांच्या पायांना काही जाणवत नाही, खडा टोचला तरी कळत नाही. उजव्या अंगठ्याखालची भरत आलेली जखम पुन्हा उघडली होती. डॉक्टर मॅडमनी मला बजावलं होतं, "बालाजी, हे हाडापर्यंत गेलं तर अंगठा काढावा लागेल. तुमची गादी का बसली ते आधी शोधा."

गादी म्हणजे चपलेतला इनसोल. मी मेकॅनिकल इंजिनिअर. क्लिनिकच्या मागच्या खोलीत थ्रीडी प्रिंटरवर हे इनसोल बनवतो. रबरासारखं प्लास्टिक असतं, पण आतून भरीव नाही, बारीक काड्यांची जाळी असते. वर भोकं मोठी आणि काड्या नाजूक, खाली जाताना भोकं लहान आणि काड्या जाड. पोकळपणा असा थराथरानं बदलत नेला की त्याला ग्रेडेड पोरॉसिटी म्हणतात. सगळीकडे सारखी असलेली जाळी दाब मोजायच्या प्रेसखाली दाबली तर आधी दाद देत नाही आणि मग एकदम तिरकी बसते. ग्रेडेड जाळीचा वरचा नाजूक थर आधी बसतो, मग त्याखालचा. त्यामुळे जखमेवर जोर हळूहळू येतो. मात्र वजन मर्यादेबाहेर गेलं की सगळी भोकं मिटतात, काडीला काडी टेकते आणि जुन्या गादीतल्या कापसासारखं सगळं घट्ट होऊन बसतं. मग जखमेखाली मऊ काही उरत नाही.

कौसाबाईंचं वजन काट्यावर घेऊन, वर थोडी सूट धरून मी डिझाइन केलं होतं. त्याच वेळी छापलेला नमुन्याचा तुकडा त्या सकाळी पुन्हा प्रेसखाली घातला. ग्राफ अगदी पहिल्यासारखा आला. म्हणजे डिझाइन पास. मग चूक पेशंटचीच, दुसरं काय!

"भिजवली होती ना?" मी पुन्हा विचारलं.

"हाव साहेब," त्या खाली बघत म्हणाल्या. "भिजली आसंल. चुकलं माजं."

मी आत जाऊन मॅडमना सांगितलं, "पेशंटनं नीट वापरली नाही. धुतली." सांगताना छाती जरा पुढेच आली असणार.

"मग लगेच दुसरी देऊन काय फायदा?" मॅडम म्हणाल्या. "आधी त्यांना नीट समजावा."

मी बाहेर येऊन समजावलं. म्हणजे भाषण ठोकलं. कौसाबाईंनी मान डोलावली आणि उठल्या. बाकाखालून त्यांनी सरकी पेंडीचं पोतं ओढलं. सकाळी मोंढ्याच्या बाजारातून घेतलेलं. पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, शेजारच्या माणसाला "हात लावा जरा" म्हणाल्या, पोतं डोक्यावर घेतलं आणि त्याच पायानं रस्त्याकडे चालायला लागल्या.

माझी नजर त्या पोत्यावरून त्यांच्या पायाकडे गेली. हे न कळायला मी काही पुण्या-मुंबईहून आलेलो नाही. नायगावजवळच्या शेतकऱ्याच्या घरचा आहे. आईच्या डोक्यावरचा भारा मीच उतरवून घ्यायचो. आणि पाण्यानं हे प्लास्टिक असं चपटं होत नाही, हेही मला पक्कं माहीत होतं. तरी त्यांचं 'हाव' मला पुरलं.

धावत जाऊन त्यांना थांबवलं आणि पोत्यासकट काट्यावर उभं केलं. आकडा जवळपास दीडपट झाला.

"असं ओझं रोज असतं?"

"पेंड कवातरी. रोज वैरणीचा भारा आसतो. म्हशीला दुसरं कोण आणून टाकंल?"

"मग वजन घेतलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुमी माजं वजन इचारलं. भाऱ्याचं कोण इचारतंय?"

"आणि गादी भिजली नव्हती ना?"

"न्हाई ओ. लई जपली म्या. रातच्याला कापडात गुंडाळून ठिवते."

"मग हाव कशाला म्हणालात?"

"एवढ्या माणसांत तुमी म्हणून राहिलात. तुमाला खोटं कसं पाडावं?"

मला मान वर करवेना. मी त्यांना चारचौघांत खोटं पाडलं होतं, आणि त्या मला सांभाळून घेत होत्या. माफी त्याच बाकासमोर मागायला हवी होती. मी आत बोलावून, दार लोटून मागितली. तेवढी लाज मला स्वतःची राखायची होतीच! मॅडमना मात्र सगळं खरं सांगितलं. त्यांनी केसपेपरवरचं 'गादी धुतली' खोडून 'डोक्यावर ओझं' लिहिलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नव्या वजनावर नवी गादी केली, खालचे थर जाड काड्यांचे. प्रेसखाली ती उत्तम चालली. पण जखम तोवर हाडापर्यंत गेली होती. अंगठा काढावा लागला.

पट्टी बदलायला आल्या तेव्हा मी समोर जायचं टाळत होतो. त्यांनीच हाक मारली. "आसं तोंड पाडून काहून फिरून राहिलात? बोट गेलं, पाय हाय की!"

आता काट्यावर उभं केल्यावर मी प्रत्येकाला विचारतो, डोक्यावर काय वाहता? पुरुष हसतात. बायका जरा थांबतात आणि एकेक सांगायला लागतात.