पुनरुत्थानाच्या पहाटे चुकलेली फेरी

प्रिय रूथ आणि डॅनियल,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी आळीपाळीने आजोबांना हाका मारल्या आणि ते नुसते बघत राहिले. नंतर रूथने मला विचारलं, "आजी, आजोबा आमच्यावर रागावलेत का?" मी विषय बदलला. बदलायला नको होता, म्हणून आज बसून लिहीत आहे. आजोबा रागावलेले नाहीत. दोन वर्षांपासून त्यांची स्मृती हळूहळू जात आहे. नाताळात तुम्ही याल तेव्हा ते तुम्हाला ओळखतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. त्याआधी गेल्या वर्षीच्या पुनरुत्थान रविवारी, म्हणजे ईस्टरला, काय झालं ते तुम्हाला माझ्याकडून कळावं असं मला वाटतं. तुमच्या बाबांना ते अर्धंच माहीत आहे. उरलेल्या अर्ध्यात माझी चूक आहे.

आपल्या कराडच्या मंडळीचा बँड तुम्ही फोटोत पाहिला आहे. त्यात कोणीही शिकलेला वादक नाही. ट्रम्पेटसारखा छोटा कॉर्नेट वाजवणारे शमुवेलकाका एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, मोठा ड्रम आणि झांजा वाजवणारे दोघे शाळेत शिक्षक आहेत. तुमचे आजोबा बँकेत होते आणि पंचेचाळीस वर्षं त्यांनी गळ्यात अडकवायचा साइड ड्रम वाजवला. पुनरुत्थानाच्या पहाटे अंधार असतानाच आमची फेरी निघते, गाणी म्हणत कब्रस्तानापर्यंत जाते आणि उजाडताना चर्चमध्ये परत येते. वाटेत प्रत्येक चौकात बँड थांबतो. सगळे मान खाली घालतात, पाळकसाहेब दोन वाक्यांची प्रार्थना करतात, आणि मग साइड ड्रम घुमला की फेरी पुढे निघते. आमच्या वडिलांच्या काळापासून हे असंच चालत आलं आहे.

तुमच्या बाबांनी आदल्या दिवशी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "आई, त्यांना फेरीला नेऊ नकोस. गर्दीत चुकतील." मी म्हटलं, तुला तिकडून सांगणं सोपं आहे. ते वाजवल्याशिवाय राहणार नाहीत, असंही मी म्हटलं. ते खोटं होतं. आजोबांना त्या दिवशी सण आहे हेसुद्धा आठवत नव्हतं. मलाच त्यांना न्यायचं होतं. गेले काही महिने चर्चमध्ये लोक त्यांच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं हळू आणि मोठ्याने बोलत होते. ते मला सहन होत नव्हतं. ते अजून पूर्वीसारखे आहेत, हे मला लोकांना दाखवायचं होतं.

मी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, यादी केल्याशिवाय मी बाजारातही जात नाही. त्या दिवसाचीही यादी होती. गोळी, स्वेटर, पाण्याची बाटली, आणि नाव, पत्ता, माझा नंबर लिहिलेलं एक कार्ड. ते कार्ड मी त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवलं. मग निघताना वाटलं, सणाच्या दिवशी पांढरा शर्ट हवा. तो इस्त्री करून त्यांना घातला. कार्ड पहिल्या शर्टात राहिलं.

जाताना सगळं ठीक झालं. ड्रम गळ्यात घातल्यावर त्यांची पाठ ताठ झाली. शमुवेलकाका माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा वैनी, साहेबांचा हात हाय तसाच हाय. आमचाच दम गेलाय." मला इतकं बरं वाटलं की परत येताना मी त्यांची बाजू सोडून मागे बायकांमध्ये गेले आणि मुलांच्या हातातल्या मेणबत्त्या गोळा करू लागले.

कोल्हापूर नाक्याजवळ समोरून हलग्यांचा आवाज आला. चैत्रातली पौर्णिमा नुकतीच झाली होती आणि जोतिबाची यात्रा करून एका गावाची सासनकाठी परत चालली होती. उंचच उंच काठी, गुलालाने माखलेली माणसं, पुढे ढोल आणि हलगी. दुसरी मिरवणूक आली की आपला बँड गप्प करून तिला वाट द्यायची, ही आमची पद्धत आहे. आम्ही कडेला उभे राहिलो, वाद्यं थांबली. काठी गेली, गुलाल खाली बसला आणि शमुवेलकाकांनी कॉर्नेट ओठाला लावला. मोठा ड्रम वाजला, झांजा वाजल्या. एक अख्खी ओळ झाल्यावर माझ्या लक्षात आलं की साइड ड्रम ऐकू येत नाही.

आम्ही सगळे गप्प झालो होतो आणि तेवढा वेळ त्यांच्या कानावर एकच ताल पडत होता. ते त्याच्याबरोबर निघून गेले होते. हे आज मला समजतं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की ते उभे होते तिथे कोणी नाही.

काठी कुठे वळली ते कोणी पाहिलं नव्हतं. नाक्यावर चार रस्ते, हायवेची वाहनं, आणि पुढे कोयनेचा पूल. पाळकसाहेबांनी सगळ्यांना शांत केलं. "जरा ऐका," ते म्हणाले. तीस-चाळीस माणसं रस्त्याच्या कडेला कान देऊन उभी राहिली. ट्रक जात होते. शमुवेलकाका म्हणाले, "वैनी, घाबरू नगा. वाजवणारा मानूस हरवत न्हाई, आवाज करतोय की त्यो." पण आवाज येत नव्हता. कार्ड घरीच राहिल्याचं मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी कॉर्नेट एका मुलाच्या हातात दिला आणि ते मोटारसायकल आणायला निघाले.

पुरुष मोटारसायकली घेऊन चारी दिशांना गेले. पाळकसाहेब मला म्हणाले, "बाई, तुम्ही चर्चच्या पायरीवर बसा. ते आपणहून आले तर कोणीतरी हवं." उपासना त्यांनी थांबवून ठेवली होती. पायरीवर बसून मी प्रार्थना सुरू केली, आणि मुलांनो, ती प्रार्थना नव्हतीच. त्या सूचना होत्या. त्यांना पुलाकडे जाऊ देऊ नकोस. कोणीतरी ओळखीचं भेटू दे. ड्रमच्या पट्ट्यावर चर्चचं नाव आहे, ते कोणाला तरी वाचायला लाव. मी देवालाही यादी देत होते. मध्येच फोन वाजला, तुमच्या बाबांचा, सणाच्या शुभेच्छा द्यायला. मी उचलला नाही. काय सांगणार होते?

किती वेळ गेला माहीत नाही. एका क्षणी सूचना संपल्या. यादीत आणखी काही उरलं नव्हतं आणि त्यातलं एकही काम माझ्या हातात नव्हतं. मी इतकंच म्हटलं की ते माझे आहेत असं मी समजत होते, ते तुझे आहेत. कुठेही असले तरी तुझ्याजवळ असू देत. त्यानंतर मी रडले. आयुष्यभर दर दहा मिनिटांनी घड्याळ बघणारी मी, त्या वेळी घड्याळाकडे बघितलं नाही. म्हणून पुढे जे झालं ते त्याच क्षणी झालं का, हे मी तुम्हाला सांगू शकत नाही.

फाटकाशी वडापची, गावोगाव प्रवासी नेणारी, जीप थांबली. आधी खांद्याला हलगी लावलेला एक चाळिशीचा माणूस उतरला, पापण्यांपर्यंत गुलाल. मग त्याने हात धरून आजोबांना उतरवलं. पांढरा शर्ट गुलाबी झाला होता. ड्रम गळ्यातच होता.

"आवं आजी, ह्ये तुमचंच न्हवं?" तो म्हणाला. "कोयनेचा पूल वलांडून वारुंजी फाट्याच्या पुढं गेल्तो आमी. लय ग्वाड वाजवत्यात. आमाला वाटलं, दुसऱ्या कुठल्या काठीबरोबरचं आसतील."

"मग कसं कळलं तुम्हाला?"

"आवं, रस्त्याला रस्ता मिळाला की ह्ये थांबायचं. मान खाली, डोळं मिटून गप. मागचा ढोलवाला दोनदा ह्येंच्या पाठीवर आदळला. त्यो शिव्या द्यायला लागला. तिसऱ्यांदा थांबल्यावर माज्या डोस्क्यात आलं. माजा बा तुमच्या हितं लग्नाला वाजवायला यायचा. मी बारका हुतो, त्येच्यासंगं यायचो, तुमची वरात बी अशीच चौकात थांबायची. चौकात थांबून मान घालनारी मान्सं म्हंजे चर्चची, दुसरी कोन?"

मी त्याला विचारलं, "आणि तुमची काठी?"

"हाय तिकडं सावलीला. हलगीबिगर गावात कशी शिरल? पोरं म्हनली, म्हाताऱ्याला पोलिसात बसवून ये. म्हनलं, गप बसा. देव कुठं पळून चाललाय व्हय?"

चहाला तो थांबला नाही. पाणी प्यायला, आजोबांच्या पाया पडला आणि त्याच जीपने परत गेला. नावं लिहून ठेवायची माझी सवय, पण त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

मी आजोबांचा हात धरला. "कुठे गेला होतात?"

ते माझ्यावर जरा चिडलेच. "फेरीला. तुम्हीच सगळे मागे राहिलात."

उपासना तासभर उशिरा सुरू झाली. त्या शर्टाकडे बघून एक म्हाताऱ्या बाई कुजबुजल्या, गुलाल लावून उपासनेला? पाळकसाहेबांनी ते ऐकलं. "आज कपडे बघायला कोणी आलेलं नाही," एवढंच म्हणून त्यांनी पहिलं गीत सांगितलं. मी कोणापुढे काही सिद्ध करायचं विसरले होते. त्यानंतर चर्चमध्ये कोणी आजोबांशी हळू आणि मोठ्याने बोललं तर मला राग येत नाही, कारण तेही सांभाळणंच आहे.

याला चमत्कार म्हणायचं की नाही, ते मी तुमच्यावर सोडते. मी एवढंच पाहिलं, की मी लिहिलेलं कार्ड घरी राहिलं, आणि देवाचं नाव वेगळं घेणाऱ्या एका माणसाने स्वतःची काठी उन्हाळ्यात वाटेवर थांबवून माझा माणूस परत आणला. मी दिलेल्या सूचनांपैकी एकही त्यात नव्हती. तेव्हापासून मी प्रार्थनेत कमी बोलते. कार्ड मात्र आता तीन शर्टांत ठेवते. विश्वास ठेवायचा म्हणजे कार्ड लिहायचं नाही असं मला वाटत नाही. ते लिहिल्यावरही माणूस आपल्या मुठीत येत नाही, एवढं मला कळलं आहे.

या वर्षी आजोबा फेरीला गेले नाहीत. पाय चालत नाहीत. दम पुरत नाही म्हणून शमुवेलकाकांचा कॉर्नेटही आता बंद झाला. आजोबांना माझं नाव आठवत नाही, तुमच्या बाबांचंही नाही. दर रविवारी त्यांना चर्चमध्ये खुर्चीवर बसवून ड्रम पुढ्यात ठेवतात, आणि पहिल्या गीताची तीन कडवी ते अजून बरोबर वाजवतात.

तुमची,
आजी