अण्णांचं तिसरं कॉइल

नागली कणगीत वर्षानुवर्षं टिकते, तसे आमच्या जव्हारच्या रेडिओवाल्यांचे किस्से टिकलेत. रेडिओवाले म्हणजे तिघंच. संस्थानच्या कचेरीतले कारकून अण्णा, घड्याळं दुरुस्त करणारा मी, आणि झाडावर एरियल चढवणारा सूर्यमाळचा लहानू. अण्णांचा एकुलता एक मधू बोटीवर वायरलेस ऑपरेटर. रोज दुपारी चारला तो टिंब-रेघांच्या मोर्समध्ये संदेश ठोकायचा, आणि तेवढं ऐकायला अण्णांनी हा सगळा खटाटोप मांडलेला.

*

एरियलचे दोन हात आणि घरात येणारी वायर यांची जुळणी करायला मधे एक कॉइल लागतं. हल्ली त्याला बालून म्हणतात. आम्ही बांबूच्या नळीवर दोन तारा जोडीनं गुंडाळून घरीच करायचो आणि वरून मेण लावायचो. पहिल्या कॉइलला लहानूनं रानातल्या पोळ्याचं मेण आणलं. दोन दिवस सेटमधून नुसती गुणगुण! अण्णांनी बॅटरी बदलली, मला शिव्या घातल्या. शेवटी लहानू वर चढला आणि तसाच उतरला.

"माश्या बसल्यात," म्हणाला. "आपलं घर मागतात."

माश्या उठवल्या, गुणगुण थांबली. का, ते मला विचारू नका.

*

दुसरं कॉइल अण्णांनी चुकीचं जोडलं. तीन दिवस चार वाजता शुकशुकाट, आणि तीन दिवस अण्णा जेवले नाहीत. मी म्हटलं, "अहो, मधू ठीक असेल. चूक तुमच्या जोडणीत आहे." तर माझ्यावरच खेकसले, "तुला पोर नाही, तुला काय कळणार?" लागलं मला ते. चौथ्या दिवशी जोडणी बदलली आणि मधू ऐकू आला. त्याची एक खोड होती, संदेश संपला की एक टिंब जास्त ठोकायचा. ते टिंब ऐकून अण्णा माझ्याच खांद्यावर रडले.

*

पावसात ते कॉइल कुजलं. त्याच सुमारास लहानूची धाकटी लेक तापानं गेली. आम्ही दोघं सूर्यमाळला भेटायला गेलो. परतताना ओढ्याकाठी अण्णांना बांबूचा तुकडा दिसला. सरळ, हवा तेवढाच जाड. उचलला. लहानू दुखवट्यात, म्हणून तिसरं कॉइल मीच धडपडत वर चढवलं. काय सांगू, मधू शेजारच्या खोलीत बसल्यासारखा ऐकू यायला लागला. रोज चारला, शेवटच्या टिंबासकट. अण्णा दोन घास जास्त जेवायला लागले.

*

पंधरा दिवसांनी दुपारी टेलिग्राम आला. आम्ही सूर्यमाळला गेलो त्याच्या आदल्या आठवड्यातच मधूची बोट बुडाली होती. कोणी वाचलं नव्हतं. अण्णा कागद हातात धरून सेटसमोर बसून राहिले.

तेवढ्यात लहानू आला. दुखवटा संपला होता. सवयीनं झाडावर चढला, कॉइल बघून घाईनं उतरला.

"अण्णा, ह्यो बांबू टाका. माझ्याच कोयत्याचा घाव हाये. पोरीच्या तिरडीतून उरलेला. आमच्यात त्यो कोणी घरी आणत नाही."

मी उठलो, म्हटलं आत्ता काढतो. अण्णांनी माझा हात घट्ट धरला. मी लहानूला बोट बुडाल्याचं सांगितलं.

चार वाजले. सेटमधून टिकटिक सुरू झाली. संदेश संपला, आणि वर एक टिंब आलं.

लहानू उंबऱ्यातच खाली बसला. मग हळूच म्हणाला, "अण्णा, माझ्या पोरीला ठोकता येत नव्हतं. तिला ऐकायला कुठली वेळ धरू?"