गालावरचं काजळ

नातीच्या गालावर तीट लावताना एरंडेलाच्या काजळाचा वास आला आणि मी हिंगणीतल्या आमच्या जुन्या अंगणात जाऊन पोचले.

माझे यजमान सुतार. गावातल्या एका शेतकऱ्याच्या लायसनच्या बंदुकीला ते सागाचा नवा दस्ता बसवत होते. "तुह्या काजळाची डबी दे वं," म्हणाले. नळीच्या बुडाला काजळ फासायचं, नळी लाकडात दाबून उचलायची आणि जिथं काळं उमटेल तेवढंच पटाशीनं खरवडायचं. जरा जास्त निघालं, तर नळी आत हलणार आणि बार काढताना दस्ता गालाशीच फुटणार. त्यात रीत अशी, की बसवणाऱ्यानंच पहिला बार काढायचा. तेव्हा ती मला दुष्ट वाटायची. आता वाटतं, तिच्यामुळंच ते इतकं जपून खरवडायचे.

"काऊन भेऊन राह्यली?" असं म्हणत ते बंदूक घेऊन बांधाकडे गेले. मी दारातच उभी राहिले. बार झाला. मग कितीतरी वेळ बांधावरून कुणीच आलं नाही.

ते परत आले तेव्हा गालावर काळा डाग होता. मी धावत गेले, बोटानं चाचपलं. दस्त्याला लागलेलं माझंच काजळ होतं.

ते पुसायला लागले, तसा मी हात धरला.

"राहू द्या जी. तीट हाय."