नरसय्यांचा तास

मैत्रिणींनो, आपल्या भगिनी मंडळाच्या फळ्यावर एरवी पाककृती असते. पण आज शाळेत घडलेलं लिहिल्याशिवाय मला घरी जाववेना.

आमच्या खासगी शाळेत मुली पुस्तकांबरोबर बागकाम करतात, हातमागही चालवतात. आज गिरणीचा दुपारचा भोंगा झाला आणि हातमागाचा तास चालू असतानाच विणकर नरसय्या लेकीचं नाव शाळेतून काढायला आले.

"बाई, ही मागावरनं सुटावी म्हणून हितं घातली. तुमी परत मागावरच बसवली की."

 तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

तेवढ्यात वकिलांच्या कुसुमच्या मागावरचा धागा तुटला. ती तो नुसता ओढत बसली. नरसय्यांना ते बघवेना.

"ओढू नको पोरी, समदं सुटंल." धोतर सावरत ते खाली बसले आणि गाठ मारून दाखवली. मग दुसरीला, तिसरीला. बोलता बोलता ते घरच्या तेलुगूत शिरले, तेव्हा त्यांची लेक मैत्रिणींना मराठीत समजावून सांगू लागली.

तास संपल्याची घंटा झाली. शिक्षकांसाठी उभ्या राहतात तशा सगळ्या मुली उठून उभ्या राहिल्या.

कोण आलं म्हणून नरसय्यांनी मागे वळून पाहिलं.